एका चादरीला एक वाक्य

मला काम हवं होतं, पण कामापेक्षा जास्त ठरलेली वेळ हवी होती. हे कुणाला सांगितलं की समोरचा असा बघायचा, जसं काही मी नोकरी मागून वर पंख्याखाली खुर्चीही मागतेय.

कपड्यांच्या दुकानाचा मालक म्हणाला, "अर्ध्या दिवसाचंच काम आहे, ताई. गर्दी झाली की फोन करीन, तेव्हा यायचं." गर्दी काय मला विचारून होणार होती? बेकरीवाल्याला माणूस हवं होतं पहाटे चारला. पहाटे चारला माझ्या पोटावर थोरलीचा पाय असतो आणि मानेखाली धाकट्याचं डोकं. बेकरीत जायचं तर दोघांना कुठे ठेवू, पावाच्या ट्रेमध्ये?

थोरली साडेचार वर्षांची, धाकटा दोनचा. नवरा लांब, रस्त्याच्या बांधकामावर. महिन्यातून एकदा येतो आणि दोन दिवस झोपतो. गल्लीतल्या पाळणाघरवालीने दोघांना घ्यायचं कबूल केलं होतं, पण तिचा एकच नियम होता. पावणेतीनला मूल न्यायचं. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, त्यानंतर तिला म्हातारीचं बघायचं असतं. "पावणेतीननंतर मी कुणाची नाही," ती म्हणायची. उशीर केला म्हणून एका बाईची मुलं घेणं तिने खरंच बंद केलं होतं, आणि ती बाई तिची मावसबहीण होती.

तोपर्यंत मी घरात होते. दिवसभर माझं तोंड चालू असायचं, पण मोठ्या माणसाशी एक वाक्य होत नसे. खा, उतर, थुंक, भावाला चावू नकोस. एवढीच माझी भाषा उरली होती. संध्याकाळी नवऱ्याचा फोन यायचा. मागून यंत्रांचा आवाज. "सगळं ठीक ना?" तो विचारायचा. मी "ठीक" म्हणायचे. ठीक नव्हतं, पण फोनवर ते कुठून सुरू करायचं हे मला कळायचं नाही.

धुलाई कारखान्याचं काम पाळणाघरवालीनेच सुचवलं. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुऊन, इस्त्री होऊन निघतात. मुकादम म्हणजे चांगला उंचापुरा, जाड मिशांचा माणूस. त्याने मला समोर बसवलं आणि स्वतःसाठी चहा मागवला. पोऱ्याने कप ठेवला, त्यातून वाफ येत होती, मुकादमाने हात पुढे केला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गरम आहे हं. फू करून पी."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मुकादमाने माझ्याकडे बघितलं, कपाकडे बघितलं आणि खरोखरच फुंकर मारली.

"किती मुलं?" त्याने विचारलं.

"दोन."

"लहान आहेत."

"हो."

"दहा ते अडीच. जमेल?"

अडीचला निघाले तर पावणेतीनला मी पाळणाघराच्या दारात. जमेल काय विचारता, मी त्याच्या पाया पडायची बाकी होते.

मोठी चादर एकटीने घडी होत नाही. दोघी लागतात. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, मागे सरून ताण द्यायचा, लांबीत दुमडायची, पुन्हा दुमडायची, मग चालत एकमेकींकडे यायचं. एकीने आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे, वाकून खालची घडी उचलायची आणि पुन्हा दुसरीकडे न्यायची. प्रत्येक जोडीचा हात वेगळा असतो, कुणी जोरात ओढतं, कुणी सैल सोडतं. म्हणून मुकादम जोडी कधी फोडत नसे. एकीची पाळी बदलली की दुसरीचीही बदलायची.

माझ्या वाट्याला आली मौनीबाई. हे नाव तिला बाकीच्यांनी ठेवलं होतं. पंचावन्नच्या घरातली, कोरड्या हातांची, ताठ बाई. तिच्याशी आधी तिघी टिकल्या नव्हत्या. एकीला वाटायचं तिला गर्व आहे, दुसरी म्हणायची तिला ऐकूच येत नाही. मला त्याचं काही नव्हतं. माझ्यासमोर एक मोठं माणूस उभं होतं, साडेचार तास, आणि ते कुठेही पळून जाऊ शकत नव्हतं. मी सुटले.

पण इस्त्रीच्या रोलरचा आवाज इतका की दोन हातांवरचंही ऐकू येत नाही. बोलायचं तर फक्त दोघी जवळ आल्यावर, कोपऱ्याला कोपरा लागतो तेवढ्यात. म्हणजे एका चादरीला एक वाक्य. मग मागे सरायचं, घडी गठ्ठ्यावर ठेवायची, नवी चादर धरायची आणि पुढचं वाक्य. पाळणाघरात धाकट्याने काय फेकलं हे सांगायला मला सहा चादरी लागायच्या. मौनीबाई हूं की चूं करायची नाही. तिची बोटं माझ्या बोटांना लागायची आणि ती मागे जायची.

दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात धाकट्याला रात्रभर ताप होता. सकाळी उतरला म्हणून पोचवून आले, पण माझे हात भलतीकडेच जात होते. त्या दिवशी मी गप्प होते. चारेक चादरी तशाच गेल्या. पाचवीला ती जवळ आली आणि म्हणाली, "बारका बरा आहे ना?"

मी मागे गेले, पुढे आले. "ताप होता."

पुढच्या चादरीला ती म्हणाली, "आणि थोरलीची चप्पल सापडली का?"

चप्पल हरवल्याचं मी आठ दिवसांपूर्वी सांगितलं होतं. या बाईने ते जपून ठेवलं होतं. मी रडायला लागले. दोन्ही हातांत कोपरे होते, डोळे पुसायला तिसरा हात कुठून आणू? मी चादरीलाच तोंड पुसलं. ती चादर पुन्हा धुवायला टाकावी लागली. ती टाकायला मौनीबाई स्वतः गेली, मुकादमाला काही कळू दिलं नाही.

त्यानंतर ती बोलू लागली. फार नाही. मुलगा आणि सून परदेशी, फोन करतात. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. दुपारी जातानाच तिचं पाऊल जड व्हायचं. "दुपार कशीबशी जाते," एका चादरीला तिने सांगितलं. पुढच्या चादरीला, "संध्याकाळी घर खायला उठतं." माझ्या घरात संध्याकाळी दोन मुलं डोक्यावर मिरी वाटत असतात आणि तरी तेच घर मलाही खायला उठतं, हे मला तिला सांगायचं होतं. ते एका चादरीत मावत नव्हतं, म्हणून राहून गेलं.

मग एका सोमवारी मुकादम आमच्याजवळ येऊन उभा राहिला. नव्या हॉटेलचं मोठं काम आलं होतं, संध्याकाळची पाळी सुरू होणार होती, तीन ते दहा. त्याला त्यासाठी चांगली जोडी हवी होती. "तुमच्या दोघींचा हात बसलाय," तो म्हणाला. "शनिवारपर्यंत सांगा."

मी पाळणाघरवालीला विचारलं. तिने नुसतं सासूच्या खोलीकडे बोट दाखवलं. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "नाही जमत तर सोडून दे, त्यात काय." त्यात काय होतं ते त्याला सांगायला माझ्याकडे चादर नव्हती.

आठवडाभर माझा जीव टांगणीला. मौनीबाईने नकार दिला की माझी वेळ वाचणार होती. तिला तेवढं म्हणायचं, "मावशी, नको म्हणा ना." रोज मी ते तोंडात घेऊन जात होते आणि तसंच परत आणत होते. कारण ती आता निघताना भिंतीवरच्या नव्या पाळीच्या फळ्याकडे बघायची, तेही मी पाहिलं होतं.

शुक्रवारी मी विचारलं, "तुमच्या मनात काय आहे?"

ती मागे गेली, दुमडली, पुढे आली. "संध्याकाळची घ्यावीशी वाटते."

पुढची चादर. "तुझं?"

"मला अडीचला निघावंच लागतं."

तिने ताण जरा जास्त दिला.

शनिवारी ती माझ्याआधी आली होती आणि मुकादमाच्या खोलीतून बाहेर पडत होती. पहिल्या चादरीला ती म्हणाली, "जोडी फोडायला लावली मी त्याला."

मला कळलं नाही.

"तुझी वेळ तीच राहील," दुसऱ्या चादरीला ती म्हणाली. "तुला उशांचे अभ्रे देणार आहे तो. फार भांडावं लागलं."

ती माझ्यासाठी भांडली होती. मौनीबाई, मुकादमाशी. मला म्हणायचं होतं, मला अभ्रे नकोत, मला तुम्ही हव्या आहात. पण दोन मुलं पाळणाघरात होती आणि वेळ सांभाळली गेली होती. मी तिचे कोपरे हातात घेतले.

"बरं झालं," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "बरंच झालं."

सोमवारपासून मी भिंतीलगतच्या टेबलावर बसते. अभ्रा लहान, एकटीच्या हातात मावतो, कुणापर्यंत चालत जावं लागत नाही. माझ्या घड्या सरळ असतात, मुकादम खूश आहे. तिची पाळी तीनला सुरू होते. मी अर्धा तास थांबले तर ती दिसेल, पण अडीचची घंटा झाली की मला पळत सुटावं लागतं. ती बसमधून उतरते तेव्हा मी धाकट्याला कडेवर घेऊन थोरलीच्या चपला शोधत असते. एकदा रविवारी तिच्याकडे जावं असं ठरवलं, तेव्हा लक्षात आलं की ती राहते कुठे हे मी कधी विचारलंच नाही.

काल नवऱ्याने फोनवर विचारलं, "मग, बसलं का कामाचं?"

"बसलं," मी म्हणाले. "वेळ अगदी हवी होती तीच मिळाली."