दुसरा घाव

कुसुमावतीबाईंना सगळा क्लब अक्का म्हणायचा. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ गुंडुराव म्हणायचा, म्हणून बाकीचेही म्हणू लागले. शाळेत पी.टी. शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. मैदानाच्या या टोकाहून हाक मारली की त्या टोकाच्या पोरी सरळ उभ्या राहायच्या. निवृत्तीनंतर त्या चामराजपुरमच्या सेवा क्लबात रमल्या आणि यंदा तर अध्यक्षच झाल्या.

क्लब तसा लहानच. नेत्रशिबिर, रक्तदान, जत्रेनंतर टी. नरसीपूरचा घाट झाडणं, शाळाशाळांतून प्रथमोपचाराचे वर्ग. एक जुनी अँब्युलन्स होती. ती क्लबचा सेक्रेटरी विश्वेश, व्यवसायाने वकील, स्वतः चालवायचा. सगळ्यांच्या अंगात असायची ती पिवळी जाकिटं गुंडुरावाने छापलेली. घराणं मूळ रंगाऱ्यांचं. आजोबा कापडं रंगवायचे, गुंडुराव टी-शर्ट आणि फ्लेक्स छापायचा.

हिनकल गावाच्या पलीकडचं एक लहानसं तळं क्लबने दत्तक घेतलं होतं. दर रविवारी सकाळी सगळे घमेली-पहारी अँब्युलन्समध्ये टाकून जायचे, गाळ उपसायचे. पाणी दिसू लागलं, बगळे आले. मग एका बाजूने कोणीतरी पाडलेल्या घरांचा राडारोडा आणून ओतू लागलं. तळं बुजलं की तिथे प्लॉट पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. क्लबने तक्रार केली. साहेब आले, फोटो काढून गेले. राडारोड्याचे टिपर येतच राहिले.

त्या रविवारी टिपर सकाळीच आला, सगळे गुडघाभर चिखलात असताना. गुंडुराव काठावर चढला आणि जाऊन गाडीच्या समोर उभा राहिला.

केबिनमधून तिघं उतरले. पुढचा रक्षित नावाचा, पंचविशीतला, अंगाने भरलेला. नाव अर्थात नंतर कळलं.

"सर, बाजूला व्हा," तो कन्नडमध्ये म्हणाला. "मला गाडी खाली करून जायचंय."

"सुम्ने, उगाच भांडण कशाला?" गुंडुरावही कन्नडमध्येच, हसत म्हणाला. "गाडी वळवा आणि परत न्या. चहा पाजतो." आणि त्याने खिशातून फोन काढून गाडीच्या नंबराकडे धरला.

रक्षितने केबिनमध्ये हात घालून लोखंडी सळई काढली आणि त्या हातावर मारली. फोन उडून पडला. गुंडुराव तो उचलायला वाकला. तेव्हा दुसरा वार डोक्याच्या मागे बसला. ओला नारळ दगडावर फोडावा तसा आवाज झाला. गुंडुराव तोंडावर पडला आणि तसाच राहिला.

मग एकच पळापळ. उरलेल्या दोघांनीही सळया काढून सापडेल त्याला झोडायला सुरुवात केली. विश्वेश आडवा गेला, त्याच्या खांद्यावर सळई बसली. साठीच्या एका सभासदबाईंना धक्का बसून त्या गाळात आडव्या झाल्या आणि एकाने त्यांच्या पाठीत लाथ घातली. जाकिटं घातलेली माणसं वाट फुटेल तिकडे धावत होती. रक्षित मात्र गुंडुरावापाशीच उभा होता. त्याने पुन्हा सळई उचलली.

अक्का चिखलातून वर कधी आल्या ते त्यांनाही सांगता आलं नाही. हातात दगड उकरायची पहार होती. त्यांनी ती आडवी फिरवली आणि रक्षितच्या नडगीवर हाणली. तो खाली कोसळला, सळई पाण्यात गेली. ते बघून त्याच्या दोघा सोबत्यांनी टिपरमध्ये उड्या मारल्या. गाडी मागे घेतली आणि त्याला तिथेच टाकून निघून गेले.

रक्षित पाय धरून पडला होता. "बेडा, अम्मा, बेडा," म्हणत होता. नको, आई, नको.

अक्कांनी भावाकडे पाहिलं. त्याच्या कानातून रक्त येत होतं, दाट आणि काळपट. त्यांनी पहार दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली आणि त्याच पायावर पुन्हा घातली. पँट फाटून हाड बाहेर आलं.

आता तो ओरडत नव्हता. जखमेतून रक्त उसळ्या मारत होतं. अक्का क्षणभर बघत राहिल्या. मग त्यांनी पहार टाकली, ओढणी काढली, गुडघ्याच्या वर करकचून बांधली आणि गाठीत काठी घालून पिळली. शिबिरांत पोरांना शिकवलेलं होतं ते सगळं हात आपोआप करत होते.

"अक्का, सोडा त्याला," विश्वेश एका हाताने दुसरा खांदा धरून म्हणाला. "आधी गुंडूला घेऊ."

"दोघांना घ्यायचं."

"स्ट्रेचर एकच आहे."

"हा खाली झोपेल."

रक्षितला उचलून अँब्युलन्समध्ये घालण्यात वेळ गेला. रस्ताभर अक्का दोघांच्या मधे बसल्या होत्या. एक हात भावाच्या डोक्याखाली, दुसरा त्या काठीवर. विश्वेश एका हाताने गाडी चालवत होता. गुंडुराव एकदाच बोलला, "अक्का, फोन." त्यानंतर त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

तिसऱ्या दिवशी तो गेला.

त्याची बायको गिरिजाबाई आयसीयूच्या दाराशी बसून होती. तळ्यावरून निघायला उशीर का झाला, ते कोणीतरी तिला सांगितलं होतं. "त्या मेल्याला गाडीत घालायला थांबलात तुम्ही?" तिने नणंदेला विचारलं. "इथे हे मरत होते." डॉक्टरांनी समजावलं की मार असा होता, पाच-दहा मिनिटांनी काही फरक पडला नसता. गिरिजाबाईने ऐकून घेतलं, मानलं नाही. अंत्यसंस्कारानंतर तिने अक्कांशी बोलणं सोडलं.

पोलिसांना अक्कांची जबानी हवी होती. विश्वेशने मसुदा तयार केला. "एक घाव, भावाला वाचवण्यासाठी. बाकीची इजा पडताना झाली. तुम्हाला कोणी हात लावणार नाही, अक्का. सही करा."

"उद्या करते," अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या इस्पितळात गेल्या. रक्षितच्या खोलीबाहेर अनुषा नावाची कॉन्स्टेबल होती. एकेकाळी अक्कांच्याच थ्रोबॉलच्या टीममधली. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि दार उघडलं. "लवकर या, मॅडम."

रक्षितचा पाय गुडघ्याखाली कापला होता. एक हात बेडीने खाटेला अडकवलेला. त्याने अक्कांना ओळखलं आणि तो भिंतीकडे सरकला. मग म्हणाला,

"पहिल्यांदा मारलंत ते समजतं. मी त्यांना आणखी मारलं असतं. दुसऱ्यांदा का मारलंत?"

"तू मरावास म्हणून," अक्का म्हणाल्या.

"मग बांधलंत कशाला?"

"माहीत नाही," अक्का म्हणाल्या.

त्याने डोळे मिटून घेतले. अक्का तिथून थेट पोलीस स्टेशनात गेल्या. विश्वेशचा मसुदा पिशवीतच राहिला. "दोन घाव लिहा," त्यांनी इन्स्पेक्टरला सांगितलं. "दुसरा घातला तेव्हा तो पडलेला होता आणि नको म्हणत होता."

विश्वेश संतापला. मग त्यानेच जामिनाची धावपळ केली. रक्षितवर खुनाचा खटला उभा राहिला, अक्कांवर वेगळा. पळालेले दोघं सापडले, टिपरचा मालक सापडला नाही. क्लबच्या बैठकीत दोन तट पडले. अर्धे म्हणाले, अक्कांनी योग्य केलं. अर्धे म्हणाले, अशा अध्यक्षांच्या नावाखाली रक्तदान कसं मागायचं? अक्कांनी राजीनामा टेबलावर ठेवला आणि चर्चा संपायच्या आत उठल्या. तळ्यावर जायला आता कोणी तयार नव्हतं.

महिनाभराने, एका दुपारी, गिरिजाबाई दारात उभी राहिली. अक्कांनी तिला आत घेतलं, कॉफी केली. दोघी समोरासमोर बसल्या.

"विश्वेशने सांगितलं," गिरिजाबाई म्हणाली. "तुम्ही दोनदा मारलं म्हणे."

"हो."

"दुसऱ्या वेळी तो पडलेला होता?"

"पडलेला होता. नको, नको म्हणत होता."

गिरिजाबाईने कॉफीचा लोटा खाली ठेवला. "त्याला वाचवलं ते बरं केलं असं मी म्हणायची नाही, अक्का. मरेपर्यंत म्हणायची नाही. पण हे गेल्यापासून माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता. त्या दिवशी दुसऱ्या घावाचं ऐकलं आणि रात्री मेल्यासारखी झोपले. सकाळी उठले तर माझीच मला भीती वाटली."

बाहेर भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली.

"तुम्हाला लागते झोप?" गिरिजाबाईने विचारलं.

"नाही गं," अक्का म्हणाल्या. "काठी पिळलेली दिसत नाही मला. पहार दिसते."

गिरिजाबाई उठली. अक्कांना वाटलं, निघाली. पण तिने दोन्ही लोटे मोरीवर नेऊन घासले, पालथे घातले आणि परत येऊन बसली. दिवे लागायची वेळ झाली तरी ती गेली नाही.