माझ्यातला भाजलेल्या तंबाखूचा वास

मी एक जुनी बाटली आहे. काचेची, बुटकी, काळ्या टोपणाची. न्यूझीलंडमधल्या जॉन्सनव्हिलच्या एका स्वयंपाकघराच्या खिडकीत मी उभी असते. आज माझ्यात रांगोळीचा लाल रंग आहे आणि येणारेजाणारे माझे कौतुक करतात. पण मित्रांनो, मी रंगासाठी जन्मले नव्हते.

माझ्यात तंबाखूच्या वासाचा द्रव होता. व्हेप नावाच्या छोट्या यंत्रात घालून त्याची वाफ ओढतात. तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका, हे आधीच सांगून ठेवते. भाऊसाहेब मात्र जन्मभर सिगारेट ओढत आले होते. पत्नी मालतीबाई गेल्यावर ते कराडहून इथे मुलाकडे राहायला आले, तेव्हा सिगारेट सुटावी म्हणून श्रीनाथने मला आणले.

पहिल्याच झुरक्याला भाऊसाहेबांनी डोळे मिटले. "मालती, तवा उतरव, करपेल," ते हळूच म्हणाले.

दुपारी घर रिकामे झाले की ते माझ्याशीच बोलत, म्हणून मला सारे कळले. मालतीबाई शाळेत मुलांना तंबाखूचे तोटे शिकवत, आणि श्रीनाथ खेळायला गेला की घरी तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करत. मुलाला हे कधीही कळू देणार नाही, असा शब्द त्यांनी नवऱ्याकडून घेतला होता. तव्यावरचा तोच वास माझ्यात होता. हे गुपित आम्हा दोघांतच होते, आणि मला त्याचा भारी तोरा होता.

मग कंपनीने त्या वासाचा द्रव बनवायचाच बंद केला. मी संपले, तरी भाऊसाहेबांनी मला उशाशी ठेवले. तळाशी थोडा वास उरला होता.

"बाबा, तंबाखूचे हीप्स फ्लेवर आहेत, अगदी ढीगभर, एखादा तरी जमेल," असे म्हणून श्रीनाथ नवनव्या बाटल्या आणू लागला. कुणाला व्हॅनिलाचा वास, कुणाला चेरीचा. भाऊसाहेब आधी मला हुंगत, मग नवीला, आणि मान हलवत. नक्की कसा हवा ते तरी सांगा, असे श्रीनाथ विनवी. भाऊसाहेब खिडकीबाहेरच्या वाऱ्याकडे बघत बसत. शब्द दिलेला होता ना. इकडे दर वेळी टोपण उघडताना माझ्यातला वास थोडा उडून जाई आणि माझा जीव खालीवर होई.

दिवाळीची आवराआवर निघाली. आपल्या घरांतून चांगली बाटली कधी कुणी टाकते का? सूनबाई सुमेधाने मला गरम पाण्यात साबण घालून घासले, पालथे घातले आणि मोठ्या प्रेमाने भाऊसाहेबांना दाखवले. "बाबा, बघा कशी लख्ख झाली. रांगोळीच्या रंगाला होईल."

भाऊसाहेबांनी मला नाकाशी नेले. साबणातल्या लिंबाचा वास आला. मला फार रडू आले, पण काच काय रडणार? त्यांनी टोपण घट्ट लावून मला सुमेधाच्या हातात परत दिले. छान झाली, म्हणाले.

संध्याकाळी श्रीनाथ आला, तेव्हा ते म्हणाले, "आता कोणताही आण. चालेल."

श्रीनाथला हायसे वाटले. बाबांना एकदाचा दुसरा फ्लेवर चालायला लागला, असे त्याने सुमेधाला हसत सांगितले.

भाऊसाहेब अजून पाणी प्यायला खिडकीशी येतात, पण मला हात लावत नाहीत. दुपारी आता कुणीच माझ्याशी बोलत नाही. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी रिकामी बाटली उशाशी ठेवली असेल, तर धुण्याआधी त्यांना विचारा. ते सांगतीलच असे नाही. तरी विचारा.