पिवळा अंगठा

सुनेला वळण म्हणून नव्हतं. बसडेपोत चाकांचे नट आवळायची ते आवळायची, वर आवळलेल्या नटांवर खुणेचा पिवळा रंग अंगठ्यानं फासून तशीच घरी यायची. पातेल्यावर पिवळा अंगठा, दारावर पिवळा अंगठा, आक्कांच्या पांढऱ्याशुभ्र अभ्र्यावरसुद्धा! तो रंग साबणाला दाद देत नसे. रोज संध्याकाळी आक्का तिला समोर बसवून रॉकेलनं हात घासायला लावत.

त्या दुपारी सून जेवायला आली, तशी आक्कांची कळी खुलली.

"आज हात माणसासारखे दिसतायत गं बाई!"

सुनेचा घास हातातच राहिला. तिनं अंगठा उलटासुलटा करून पाहिला.

"आई, सकाळी एकाच गाडीची चाकं बसवली. मधेच साहेबांनी हाक मारली... खूण राहिलीच."

"नट आवळलेस ना पण?"

"आवळले असतील."

"मग जेव की."

"'असतील'वर गाडी सोडता येत नाही, आई."

डेपोतला फोन कुणी उचलेना. सून उठून पळाली. वाढलेलं ताट टाकून! आक्का चपला सरकवून मागोमाग निघाल्या. तिला रस्त्यात गाठूनच सुनावायचं होतं.

डेपोच्या फाटकात तीच बस प्रवाशांनी भरून, धूर सोडत उभी होती आणि सून तिच्यापुढे हात पसरून.

"ओ ताई, मरायचंय तर दुसरी गाडी बघा!" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

फोरमन धावत आला. हळूच म्हणाला, "सांग, सहज तपासणी आहे म्हणून. तुला कायम करायचा कागद साहेबांपुढे आहे, वेडे!"

सून बसच्या दारात गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझी चूक झालीय. चाकांना खूण करायची राहिली. नट बघितल्याशिवाय गाडी सोडणार नाही."

आक्का फाटकाला धरून उभ्या राहिल्या. आमटी खारट झाली तर त्या मिठाला नावं ठेवत. चूक कबूल करायची त्यांना सवय नव्हती.

सुनेनं एकेका नटाला पाना लावून अंगाचा सगळा भार टाकला. एकही नट तसूभर हलला नाही.

"झालं समाधान? फुकट ताटकळवलंत सगळ्यांना!" ड्रायव्हर म्हणाला. आतून कुणीतरी हसलं.

सुनेनं रंगाच्या डब्यात अंगठा बुडवला आणि खाली मान घालून सगळ्या नटांना रंग लावला. मगच ती बाजूला झाली.

"नोंद करावी लागेल मला," फोरमन म्हणाला. "कायमचं आता राहिलंच."

"करा," सून म्हणाली.

घरी आल्यावर आक्कांनी निवलेलं अन्न काढून गरम केलं आणि पुन्हा वाढलं. सून सवयीनं रॉकेलच्या बाटलीकडे वळली. आक्कांनी बाटली काढून घेतली.

"राहू दे तो रंग. आणि कान उघडे ठेवून ऐक. इथून पुढं कामावरून स्वच्छ हातानं आलीस ना, तर घरात घेणार नाही तुला!"