नखावरचा थेंब

नुसती टाकी म्हणून मला हिणवू नका, मित्रांनो. मी तेल घट्ट करणारे एक जुने लोखंडी भांडे आहे. पोट मोठे, गळा आखूड आणि डोक्यावर मोटर, म्हणून कारखान्यात मला सगळे पोटोबा म्हणत. सध्या मी भंगाराच्या आवारात आडवा पडलो आहे. पायाशी गंजलेली सायकल, उशाशी फुटका बॉयलर. माझी हकिकत ऐकून तुम्हाला बरे वाटेल असे मुळीच नाही. तरी ऐका, कारण मला आता दुसरा उद्योग नाही.

जाड पत्रे वाकवून आणि जोडून मला घडवले. वेल्डरने माझ्या एकेका सांध्यावरून बोट फिरवले आणि तो म्हणाला, "हा आपल्या सगळ्यांना पुरून उरेल." तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता! आज तेच आठवून स्वतःचे हसू येते.

माझे काम तसे सोपे. पोटात तेल घ्यायचे, ते तापवायचे, निकेलची काळी पूड ढवळायची आणि खालून हायड्रोजन सोडायचा. हा हायड्रोजन म्हणजे सगळ्यांत हलका गडी, पण भलताच लाघट. एकटा म्हणून राहायचा नाही. ऑक्सिजनच्या गळ्यात पडला की पाणी होते. तुमच्या साखरेत तो आहे, साबणात आहे, लिंबाचा आंबटपणा त्याच्यामुळेच आहे. तेलातही तो असतोच. तेलात कार्बनच्या लांब साखळ्या असतात आणि त्यांना हायड्रोजन चिकटलेले असतात. जिथे ते कमी पडतात, तिथे साखळीला बाक येतो. बाक आलेल्या साखळ्या एकमेकींना खेटून बसत नाहीत, म्हणून तेल पातळ राहते. रिकाम्या जागा हायड्रोजनने भरल्या की साखळ्या सरळ होतात, दाटीवाटीने बसतात आणि तेल गोठून पांढरेशुभ्र होते. कारखान्यात त्याला 'पांढरं' एवढेच म्हणत. बेकरीवाले त्याच्यावर जीव टाकत.

मात्र सगळ्या जागा भरून चालत नसे. मग त्याची मेणबत्ती होते, तोंडात विरघळत नाही. म्हणून अर्ध्यावर थांबायचे. कुठे थांबायचे, ते नखवाले ठरवत.

नखवाले म्हणजे मला चालवणारे गृहस्थ. ते माझ्या तोटीतून नमुना काढायचे, त्याचा थेंब डाव्या अंगठ्याच्या नखावर घ्यायचे आणि तो धुरकट होईपर्यंत श्वास रोखून बघत बसायचे. थेंब मनासारखा गोठला की लगेच वायू बंद. खरे नाव कुणाच्या लक्षात राहिले नव्हते. मी ढवळत असताना त्यांना तासन्‌तास काही काम नसे, तेव्हा ते माझ्याशी बोलत. माणसे त्यांना वेडे म्हणत. मला ते फार आवडत.

महिन्याच्या शेवटी प्रत्येक कामगाराला पांढऱ्याचा एक डबा घरी मिळे. नखवाले आपला डबा शर्टाच्या बाहीने पुसून लख्ख करत. "पोटोबा, आज घरी मजा आहे बघ," असे म्हणत. त्यांची बायको त्याची बिस्किटे भाजायची. ती इतकी खुसखुशीत असत की पाळीतले सगळे जण बोटे चाटत. "हिला फार आवडतं," नखवाले सांगत, आणि त्यांचा चेहरा उजळून निघे. त्या काळात मी खरोखर सुखी होतो.

मग एके दिवशी ते म्हणाले, "हिला जिना चढवत नाही रे. मध्येच बसते." पुढे दवाखाना सुरू झाला. छातीतल्या रक्तवाहिन्या बुजत चालल्या आहेत असे कळले.

त्याच सुमारास प्रयोगशाळेतल्या बाई खाली आल्या. नव्या नियमामुळे आपले पांढरे बंद होणार, हे सांगायला आल्या होत्या.

"का पण?" नखवाल्यांनी विचारले.

"काही ठिकाणी हायड्रोजन येतो, टेकतो आणि परत जातो," बाई म्हणाल्या. "जागा रिकामीच राहते, पण जाताना तो साखळी पिळून सरळ करून जातो. मग ती पुन्हा पहिल्यासारखी वाकत नाही. अशी चरबी रक्तवाहिन्यांना फार वाईट."

"कधी होतं हे?"

"अर्ध्यावर थांबलं की. सगळ्या जागा भरल्या असत्या तर असं काही उरलं नसतं."

नखवाल्यांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिले. "म्हणजे मी थांबायचो तिथंच. मग हिचं त्यामुळंच झालं का?"

"एका माणसाबद्दल तसं कुणालाच सांगता येत नाही, दादा. वय असतं, घराण्यात असतं."

"म्हणजे नाही असंही सांगता येत नाही."

माझे ढवळणे तेवढे चालू होते.

त्यानंतर नखवाल्यांनी डबा नेला नाही. पण उशीर व्हायचा तो होऊन गेला होता. थोड्याच दिवसांत माझे तेल उपसले, नळ तोडले आणि मला इथे आणून टाकले. कुणी मागे वळून पाहिले नाही. वेल्डरचे बोलणे मात्र खरे ठरत होते.

आज दुपारी नखवाले आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणे खालीवर लागलेली. ते फुटक्या बॉयलरवर बसले आणि जुन्या सवयीने माझ्याशी बोलू लागले.

"गेली रे ती, पोटोबा. शेवटी दवाखान्यात म्हणाली, 'एक सांगू? रागावू नका हं. मला त्या पांढऱ्याची चव कधीच आवडली नाही. टाळ्याला चिकटतं ते.' मी म्हटलं, अगं, मग खात का होतीस? तर म्हणाली, 'तुम्ही डबा घेऊन दारात असे उभे राहायचात, नाही कसं म्हणू?'"

शर्टाच्या बाहीने त्यांनी माझ्या पत्र्यावरची धूळ पुसली. मग म्हणाले, "आणि मी तिला आवडतं म्हणून नेत होतो. मला कुठं गोड आवडतं?"

मित्रांनो, जुन्या भांड्यांची निगा राखा, एवढे सांगून मी मोकळा झालो असतो. पण माझी निगा कितीही राखली असती तरी हे टळले नसते. तुम्ही एवढे करा. घरी जे प्रेमाने नेता ते कशाचे बनले आहे, हे विचारा. आणि ज्याच्यासाठी नेता त्यालाही विचारा, तुला हे खरेच आवडते का? या दोघांना कुणी विचारले नाही. त्यांनीही एकमेकांना विचारले नाही.

नखवाले अजून गेलेले नाहीत. माझ्या तोटीच्या तोंडाशी जरासे पांढरे चिकटून राहिले होते. ते त्यांनी खरवडून नखावर घेतले आहे. उन्हाने त्याचा थेंब झाला आहे, आणि तो गोठायची वाट बघत ते बसले आहेत. या उन्हात तो गोठणार नाही, हे त्यांना सांगायला मला तोंड नाही.