प्राप्ती : भेट

माझ्या वहिनीवर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की मी भोळेपणाचा आव आणला. दर गुरुवारी ती आईला भेटायला यायची, तासभर गोड बोलायची, आणि जाताना तिची पिशवी येतानापेक्षा जरा जास्तच फुगलेली असायची, निदान मला तरी तसं दिसायचं. त्यामुळे आईचा सुईदोऱ्याचा डबा जागेवर सापडेना, तेव्हा दुसऱ्या कुणाचं नाव माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

मी वस्तुसंग्रहालयात नोंदणीचं काम करते. लोक तिकीट काढून बघतात ते मुकुट आणि तलवारी वरच्या मजल्यांवर. माझ्या वाट्याला तळघर आणि तिथल्या लाकडी पेट्या. नव्वद वर्षांपूर्वीच्या लढाईत सैनिकांनी एक अख्खं गाव रिकामं केलं आणि घराघरांतलं सामान या पेट्यांत ठोकून इकडे आणलं. आता त्या गावच्या नातवंडांनी ते परत मागितलं होतं, म्हणून पेट्या प्रथमच उघडून एकेका वस्तूचं कार्ड करायचं होतं. नाव, लांबीरुंदी, मोडतोड, आणि शेवटचा रकाना ‘प्राप्ती’, म्हणजे वस्तू आपल्याकडे कशी आली ते. तिथे जुन्या वहीत असेल तेच उतरवायचं, असा साहेबांचा दंडक, आणि जुन्या वहीत वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता : भेट.

“साहेब, लहान मुलाचा एकच बूट कोण भेट देतं हो?” मी एकदा न राहवून विचारलं.

“तुम्ही मापं घ्या, बाई. कार्डावर भेट म्हटलं की ती वस्तू त्यांची राहत नाही. एवढंच आपल्याला हवंय.”

मी चरफडले, आणि लिहीत राहिले. पंधरा वर्षं हेच करत आलेय, आता कुठे तोंड वर करून भांडायचं?

सोमवारी मी पत्र्याच्या एका डब्याचं कार्ड केलं होतं. झाकणावर जहाजाचं चित्र, अंगठा लागून लागून निम्मं पुसलेलं. हुबेहूब आमच्या घरच्या डब्यासारखा डबा बघून मला हसूच आलं. असे डबे कारखान्यातून हजारांनी निघाले असतील. गुरुवारी संध्याकाळी घरचा डबा नाहीसा झालेला. विचारलं तर आई म्हणाली, “कसला डबा? अगं, सुया मी कागदात खोचते की नेहमी.” आणि खरंच, खणात कागदात खोचलेल्या सुया होत्या. म्हातारी सुनेला पाठीशी घालतेय, असं वाटून माझं टाळकंच सरकलं. मी वहिनीला फोन करून नको नको ते बोलले. ती एवढंच म्हणाली, “ताई, तुमच्या घरात डबा मी कधी पाहिलाच नाही.” किती निर्लज्ज बाई, असं मी मनात म्हटलं.

मग पुढच्या आठवड्यात एका पेटीतून बरणी निघाली. काचेची, तोंडाशी टवका उडालेली, आणि टवक्याच्या कडेवर लाल नेलपॉलिश. आईच्या बोटाला लागू नये म्हणून तशाच एका बरणीला ते मी लावलं होतं, गेल्याच वर्षी. तळघरातली ती पेटी माझ्यासमोर खिळे उपसून उघडली होती, आणि खिळे इतके गंजलेले होते की दोघा शिपायांना घाम फुटला होता. कार्ड तर केव्हाच लिहून झालं होतं. मी घरी धावले. फळीवर बरणीची जागा मोकळी होती, आणि बरणी म्हणताच आई माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघत राहिली.

त्या दिवसापासून वहिनीवरचा संशय ढिला झाला. तो माझ्याच पेनाकडे वळला, हे सांगायची मला लाज वाटते.

आता मी आधी वस्तू उलटसुलट करून बघायची आणि मगच पेन उचलायची. पण हाताची सवय वाईट. काल सकाळी डोक्यात भलतंच काही चाललं होतं, आणि मी लिहून मोकळी झाले : ‘बाळाचं टोपडं, लोकरीचं, एका ओळीत टाके चुकलेले. प्राप्ती : भेट.’ चिठ्ठी बांधताना ती ओळ बोटांखाली आली. “ही ओळ विणताना तू भोकाड पसरलंस, म्हणून चुकली,” हे आईनं मला शंभरदा ऐकवलंय. मी ‘भेट’ खोडलं, इतकं खोडलं की कार्ड फाटलं, आणि वर ठळक अक्षरांत ‘लूट’ लिहिलं. मग टोपडं पदराखाली दडवून भर दुपारी बाहेर पडले. दारावरच्या पहारेकऱ्यानं नेहमीसारखा हसून सलाम केला.

आई खिडकीशी बसली होती. मी धापा टाकत टोपडं तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं ते मायेनं उलगडलं, चुकलेल्या ओळीवर बोट फिरवलं.

“छान विणलंय. कुणाच्या घरातून उचललंत?”

“आई, असं काय करतेस? माझंय ते. तू विणलंस.”

तिनं मान वर करून मला नीट न्याहाळलं. ती घाबरली होती, आणि घाबरलेलं दाखवायचं नाही म्हणून फार अदबीनं बोलत होती.

“हे बघा, मी आरडाओरडा करणार नाही. ज्यांचं आहे त्यांना नेऊन द्या, त्यांचा जीव कासावीस झाला असेल. आणि लवकर निघा, बाई. माझी मुलगी जेवायला यायची वेळ झालीय. ती तापट आहे.”

मला रडू फुटलं. मी तिचे हात धरायला गेले, तर तिनं ते हळूच मागे घेतले.

जिन्यात पावलं वाजली, दोन-दोन पायऱ्या एकदम चढणारी, मी चढते तशी. आईचा चेहरा खुलला.

“आली बघा,” ती म्हणाली, आणि बाहेरून कुणीतरी कुलपात किल्ली फिरवली.