दोन करड्या पट्ट्या

कालिंदीनं चित्र काउंटरवर अस्तराच्या ताग्यांना टेकवून उभं केलं आणि दोन पावलं मागं सरली.

"हात नाही लावायचा. नुसतं बघायचं."

काळ्या-पांढऱ्या चौकटी मधोमध अशा काही फुगत गेल्या होत्या की सपाट कागदाला पोट आल्यासारखं वाटत होतं. खाली दोन करड्या पट्ट्या. एक काळ्यावर चिकटवलेली, एक पांढऱ्यावर.

"अगंबाई, हलतंय की हे," देशमुखबाई म्हणाल्या. खरं तर त्या भांडायला आल्या होत्या. कालचं मरून अस्तर घरी विटकरी दिसत होतं.

"उन्हात जुळलं व्हतं, बाई," मनकर्णाबाई म्हणाली. "ट्यूबखाली पाह्यलं असंल तुम्ही."

अठरा वर्षं ती पुंडलिकनगरच्या या मॅचिंग सेंटरात रंग जुळवत होती. प्रत्येक तुकडा पायरीवर उन्हात नेऊन बघायची. पण या महिन्यातली ही तिसरी तक्रार होती. कालिंदीची आई, आशाबाई, गल्ल्यामागून उठली.

"देशमुखबाई, यातली गडद पट्टी कोणती?"

"पांढऱ्यावरची. आंधळाही सांगेल."

"मलाही तीच वाटते. मनकर्णाबाई, तुम्ही सांगा."

मनकर्णाबाईला कळलं, हे चित्रापुरतं विचारणं नाही. तिनं पदराला हात पुसले. मग मूठ वळून तिच्या भोकातून एक पट्टी पाहिली, दुसरी पाहिली. कापड बघतानाही ती असंच करायची. शेजारचा रंग मधे नको म्हणून.

"दोन्ही एकच हायेत," ती म्हणाली. "एकाच ताग्यातल्या."

देशमुखबाई हसल्या. आई हसली नाही.

"कालिंदी, चित्र तुझं आहे. तू सांग."

कालिंदीनं रविवारी एकच कागद करडा रंगवला होता आणि कात्रीनं त्याच्या दोन पट्ट्या कापल्या होत्या. वर्गात सगळे फसले होते. चित्रकलेचे सरसुद्धा फसले होते, आणि शनिवारच्या प्रदर्शनात हे चित्र दारातच लागणार होतं. आणि इथं चौथी नापास बाई मुठीच्या भोकातून बघून मोकळी झाली होती. कालिंदीनं वेणी पुढं घेतली, टोकाचं रबर काढलं, परत लावलं.

"वेगळ्याच आहेत," ती म्हणाली. "सगळ्यांना दिसतंय की."

आई मनकर्णाबाईकडं वळली.

"डोळ्यांचं बघा आता, मनकर्णाबाई. उद्यापासून नका येऊ. पगार महिनाअखेरपर्यंतचा पूर्ण देते."

"डोळं चांगलं हायेत, ताई."

"मी वाद नाही घालत."

मनकर्णाबाईनं खुंटीवरची पिशवी काढली, डबा आत ठेवला. जाता जाता कालिंदीजवळ थांबली. चित्राकडं पुन्हा एकदा, या वेळी मूठ न वळता पाहिलं.

"लई भारी जमलंय, पोरी," ती हळूच म्हणाली. "तुझी आई पण फसली."

"थँक्यू, मावशी."

चपलांचा आवाज पायऱ्या उतरून गेला. देशमुखबाईंसमोर नवं अस्तर उलगडत आईनं विचारलं,

"काय म्हणत होत्या गं?"

"काही नाही," कालिंदी म्हणाली. "चित्र आवडलं म्हणाल्या."