भट्टीवरची काचेची नळी

उदारामने साखळी ओढून धुराड्याची झडप जवळजवळ लावूनच टाकली आणि भिंतीवरच्या वाकवलेल्या काचेच्या नळीकडे समाधानाने पाहिलं. आतलं पळसफुलांनी रंगवलेलं पाणी आता दोन्ही बाजूंना सारखं झालं होतं. धानाच्या बांधीत पाणी असंच समतळ ठेवतात. बांधीत वाढलेल्या माणसाला हे कोणी शिकवायला नको.

एवढ्यात भट्टीच्या तोंडातून भसाभस धूर आला आणि राईस मिलचा मिस्त्री सेवकराम धावत आला. तो उदारामचा जावई, आणि जावई हा दहावा ग्रह म्हणतात ते काही उगीच नाही. ही नळी त्यानेच काल बसवली होती. छत्तीस वर्षं नुसत्या आगीच्या आवाजावर भट्टी सांभाळणाऱ्या सासऱ्याची आता गरज संपली, एवढाच अर्थ उदारामने काढला होता. कालपासून त्याला जेवण गेलं नव्हतं.

“मामाजी, झडप काऊन लावली?” सेवकराम कानाशी येऊन मोठ्याने बोलला. मिलमध्ये खडखडाट फार, म्हणून तो नेहमी असा बोलतो, असं उदाराम धरून चालला होता.

“पानी उंचनीच झालं होतं. बराबर केलं.”

सेवकराम हसला. त्याने झडप उघडली.

“हे टोक धुराड्यात हाय, ते उघडं हाय. धुराडं हवा ओढते, तं पानी इकडं अर्धा इंच चढते, तिकडं अर्धा उतरते. दोन्ही मिळून एक. आतला दाब बाहेरच्याहून तेवढा कमी. तेवढी ओढ पायजेच, नाई तं धूर तोंडातून मागं येते.”

“मले नळी कायले? आवाजावरून समजते.”

“आता झडप लावली, तवा आगीचा आवाज बसला होता, मामाजी.”

उदारामला काहीच फरक जाणवला नव्हता. दोन वर्षं लपवलेलं उघडकीस आलं, आणि बहिऱ्याला भट्टीवर कोण ठेवणार?

“नळी शेठनं लावाले सांगतली?”

“शेठले मालूम नाई. रुख्मा म्हणे, बाबाले मागून हाक आयकू येत नाई. म्हणून म्या लावली. डोळे तं शाबूत हायेत तुमचे.”

लेकीला सगळं ठाऊक होतं तर. म्हाताऱ्याने वाकून नळीच्या दोन्ही बाजू बोटाने मोजल्या.

“एक इंच,” तो म्हणाला.

इंजिनाकडे परतताना सेवकराम दारातून काहीतरी बोलला. अशा वेळी उदाराम नुसती मान हलवायचा. आज त्याने कानामागे हात धरला.

“आयकू नाई आलं, बापू. पुन्हा सांग.”